पोर्ला: वाहत्या पाण्याच्या आवाजाचं स्वीडिश क्रियापद मराठीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक स्वीडिश गोष्ट मराठीत आणताना तीन ठिकाणी 'पोर्ला' हे क्रियापद येतं. आधी ओढ्याबद्दल, मग एका मुलीच्या हसण्याबद्दल आणि शेवटी चक्क भाड्याच्या घरातल्या, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरबद्दल. इंग्रजी कोशाच्या वाटेने गेलं तर 'मर्मर' हा शब्द हाती लागतो. त्यावरून 'ओढा कुजबुजतो' असं लिहिलं गेलं आणि ते कानाला खटकलं. तिन्हीकडे चालेल असा एकच मराठी शब्द आहे का?

नाही. शोधूही नका, कारण तो सापडला तरी तिन्हीपैकी दोन वाक्यं बिघडवेल. पण तिन्हीकडे स्वीडिश कान काय ऐकतो ते एकदा कळलं की मराठी शब्द निवडणं अवघड नाही. पोर्ला म्हणजे पाण्यात सापडलेली हवा सुटताना होणारा आवाज. ओढ्यात हे होतं, रेडिएटरमध्येही नेमकं हेच होतं, आणि हसणं ही त्याच आवाजावरून घेतलेली उपमा आहे.

आधी इंग्रजीचं विघ्न दूर करू. इंग्रजीतला 'मर्मर' हा सगळ्यांना पुरणारा शब्द आहे. माणूस तोंडातल्या तोंडात बोलला तरी मर्मर, गर्दीचा दबका आवाज मर्मर, ओढाही मर्मर. स्वीडिशमध्ये या तिघांना तीन वेगळी क्रियापदं आहेत: माणूस 'मुम्ला' करतो, गर्दी 'सोर्ला' करते आणि पाणी 'पोर्ला' करतं. मराठीतही तीन वेगळे शब्द आहेतच: पुटपुटणं, कुजबुजणं, झुळझुळणं. म्हणजे दोन्ही टोकांना असलेला फरक मधली भाषा पुसून टाकते. स्वीडिशवरून थेट मराठीत यायला हवं ते यासाठी. संस्कृतातून आलेला आपला 'मर्मर' तर पाण्याचा नाहीच. अमरकोशात तो कपड्यांच्या आणि पानांच्या आवाजाला दिला आहे. 'निर्झराची मर्मर' असं लिहिलेलं दिसतं खरं, पण तिथे झऱ्यातून सुकी पानं वाहताहेत की काय असं वाटतं.

आता आवाज होतो कसा, ते पाहू. शब्द निवडताना याचा थेट उपयोग होतो. संथ, सपाट वाहणारं पाणी जवळजवळ मुकं असतं. पाणी दगडावरून घसरून खाली पडतं तेव्हा ते आपल्याबरोबर हवेचे छोटे खिसे ओढून नेतं. ते खिसे मिटून त्यांचे बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा क्षणभर आकुंचन-प्रसरण पावत एखाद्या इवल्या घंटेसारखा वाजतो. मार्सेल मिनार्ट या उट्रेख्टला काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली याचं गणित मांडलं. बुडबुड्याचा आकार आणि त्याचा सूर यांचं व्यस्त प्रमाण असतं. १ मिलीमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,२०० हर्ट्झच्या आसपास वाजतो, ३ मिलीमीटरचा १,१०० च्या आसपास, ५ मिलीमीटरचा ६५० च्या आसपास. छोट्या ओढ्यात हे सगळे आकार मिसळलेले असतात, पण बुडबुड्यांची संख्या इतकीही नसते की ते वेगळे ऐकू येऊ नयेत. थेंब-थेंब सूर, न थांबता, कधी वर कधी खाली. हा झाला पोर्ला. पाणी आणि उतार वाढला की बुडबुडे इतके होतात की सूर एकमेकांत मिसळून जातात आणि सलग घोष उरतो. मग स्वीडिश माणूस पोर्ला म्हणत नाही, 'ब्रूसा' म्हणतो.

म्हणून वाक्य पुढे आलं की कोश उघडण्याआधी पाण्याकडे पाहायचं. खाली दगड आहेत की वाळू? पाणी घोट्याएवढं आहे की कमरेएवढं? ऐकणारा काठावर बसला आहे की झाडीपलीकडे? पोर्ला या शब्दात दगड गृहीत असतात, पाणी उथळ असतं आणि ऐकणारा बहुधा जवळ असतो. आणखी एक गोष्ट ठरलेली असते: निसर्गातला पोर्ला नेहमी सुखाचा असतो. गटार पोर्ला करत नाही. पुराचं पाणी तर नाहीच नाही.

पोर्ला कोण करू शकतं, यालाही मर्यादा आहे. स्वीडिशमध्ये वाहत्या पाण्याची प्रतवारी काटेकोर आहे. 'बेक' म्हणजे ओढा, ओहोळ. कोकणात पऱ्या किंवा व्हाळ म्हणतात तसला. 'ओ' म्हणजे त्याहून मोठी, लहान नदी. 'एल्व' म्हणजे मोठी नदी: यता एल्व, तोर्ने एल्व. 'फ्लूद' हा शब्द स्वीडिश लोक परदेशातल्या मोठ्या नद्यांसाठी राखून ठेवतात. नाईल फ्लूद आहे, गोदावरीही फ्लूदच होईल. 'शेला' म्हणजे जमिनीतून वर येणारा झरा. यात बेक आणि शेला हे पोर्लाचे हक्काचे कर्ते. कारंजंही चालतं. एल्व पोर्ला करते असं कुणी लिहिलं तर तो लेखक एकतर गंमत करतोय किंवा त्याने ती नदी पाहिलेली नाही.

मराठीकडे येऊ. आपल्याकडे या आवाजाचे शब्द भरपूर आहेत, आणि त्यामुळेच अनुवादक हाताला येईल तो उचलतो. खरं तर प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

'झुळझुळ' सगळ्यांत पातळ. पाणी कमी, गती सौम्य, दगडांना वळसा घालून जाणारं. याच शब्दाच्या घरात वाऱ्याची झुळूक आणि झुळझुळीत कापड आहे. म्हणजे यात आवाजापेक्षा स्पर्श आणि हलकेपणा जास्त. दूरवरून ऐकू येणाऱ्या किंवा अगदी बारीक ओढ्याच्या पोर्लाला हा शब्द बरोबर बसतो.

'खळखळ' मध्ये स्वर मोकळा झाला की पाणी वाढलं. मराठीत हे सहज ऐकू येतं: टिपटिप बारीक, टपटप मोठं, झुळझुळ बारीक, खळखळ मोठं. दगड आहेत, उतार आहे, बुडबुडे ऐकू येताहेत. माझ्या मते पोर्लाच्या साध्या, रोजच्या वापराला खळखळ हाच पहिला पर्याय. पण या शब्दाला दोन काटे आहेत. एक, 'खळखळ न करता काम केलं' म्हणताना खळखळ म्हणजे कुरकुर, आढेवेढे. दोन, 'उथळ पाण्याला खळखळाट फार'. ही म्हण मराठी वाचकाच्या डोक्यात इतकी पक्की आहे की 'खळखळाट' असं नाम लिहिलं की ओढ्याला नावं ठेवल्यासारखं वाटतं. क्रियापद चालतं, 'खळखळत' चालतं, 'खळखळाट' टाळावा. (गंमत म्हणजे स्वीडिश म्हण उलट्या बाजूने संशय घेते: सर्वांत शांत पाण्यात सर्वांत कुरूप मासे फिरतात, असं ते म्हणतात. आपल्याला वाजणाऱ्या पाण्यावर भरवसा नाही, त्यांना न वाजणाऱ्या.)

'खळाळणे' म्हणजे खळखळच, पण एका दमात, जोराने. झरा, धबधब्याखालचा प्रवाह. पोर्लाच्या वरच्या टोकाला चालतो, मात्र वर्णन आधीच भरजरी असेल तर अतिरेक होतो. 'खुळखुळ' बंदिस्त वस्तूचा आवाज आहे: खुळखुळा, घुंगरू, खिशातली नाणी. उघड्या ओढ्याला तो नको. 'कलकल' हा हिंदीतून येणारा चकवा. हिंदीत नदी कलकल वाहते आणि कवितेच्या मराठीतही ती कधीमधी तशी वाहते, पण बोलीत कलकल म्हणजे डोकं उठवणारा गोंगाट. 'घळघळ' अश्रूंना, 'भळभळ' जखमेला. हे सांगायला नको, पण शब्द मिळेना झाला की माणूस काहीही लिहितो.

आता व्याकरण. पोर्ला अकर्मक आहे आणि पहिल्या गटातलं, म्हणजे सर्वांत सरळ चालणारं क्रियापद आहे: पोर्ला, पोर्लर, पोर्लादे, पोर्लात. वर्तमानकाळाचं रूप सगळ्या पुरुषांना आणि वचनांना एकच. भूतकाळात एक खड्डा आहे. बोलताना या गटातल्या क्रियापदांचा शेवटचा 'दे' पुष्कळदा गळतो, त्यामुळे 'पोर्लादे' हे 'पोर्ला' असंच ऐकू येतं. ध्वनिमुद्रण ऐकून अनुवाद करणाऱ्याने आजूबाजूची क्रियापदं पाहून काळ ठरवावा.

स्वीडिशमध्ये गती आणि आवाज एकाच क्रियापदात मावतात. 'बेकेन पोर्लर मेलान स्तेनार्ना' या वाक्यात ओढा दगडांमधून वाहतोही आणि वाजतोही. मराठीत नादवाचक शब्द बहुतेक वेळा वाहण्याच्या क्रियापदाला टेकून उभा राहतो: 'दगडांमधून ओढा खळखळत चाललाय.' 'ओढा दगडांमध्ये खळखळतो' हे चूक नाही, पण त्यात पाणी जागच्या जागी उभं राहून वाजतंय असं वाटतं. 'चाललाय', 'वाहतो', 'धावतो' यांपैकी काहीतरी जोडलं की ओढा सुटतो.

'मान हर एन बेक पोर्ला' हा दुसरा नेहमीचा साचा: ऐकणं या क्रियापदापुढे थेट मूळ रूप. शब्दाला शब्द लावला तर 'ओढा खळखळताना ऐकू येतो' असं जड वाक्य तयार होतं. मराठी इथे नाम मागते: 'कुठेतरी ओढ्याची झुळझुळ ऐकू येते.' इथे मुद्दाम झुळझुळ घेतलं, कारण ओढा दिसत नाही, फक्त कानावर येतो.

तिसरा साचा 'पोर्ला फ्राम'. 'फ्राम' म्हणजे पुढे, बाहेर. बोलताना जोर 'फ्राम'वर पडतो, क्रियापद मऊ होतं. हे झऱ्याचं रूप: 'शेलान पोर्लादे फ्राम उंदर एन स्तेन'. इथे खळखळ नको आणि झुळझुळही नको. जमिनीतून पाणी वर येताना ते उकळी फुटल्यासारखं दिसतं: 'एका दगडाखालून झरा बुडबुडत वर येत होता.' 'उसळत' असं लिहिलं तर जोर फार होतो. 'पाझरत' लिहिलं तर आवाज जातो, आणि पाझरण्यासाठी स्वीडिशमध्ये 'सिप्रा' हे वेगळं क्रियापद आहेच.

या अर्थाचा एक पत्ताही नकाशावर आहे. नेर्के प्रांतात, लाक्सो या गावाच्या परिसरात पोर्ला ब्रुन नावाचं जुनं आरोग्यस्नानाचं ठिकाण आहे. ब्रुन म्हणजे विहीर किंवा औषधी पाण्याचं कुंड. तिथलं पाणी लोहयुक्त. यन्स याकोब बर्सेलियुस या रसायनशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात त्या पाण्याचा अभ्यास करून त्यातून वेगळ्या काढलेल्या सेंद्रिय आम्लांपैकी एकाला झऱ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं. तेव्हा मजकुरात 'पोर्ला' विशेषनाम म्हणून आलं, शेजारी पाण्याची बाटली किंवा स्नानगृह असलं, तर त्याचा अनुवाद करू नका.

हसण्याकडे वळू. 'एत पोर्लांदे स्क्रात' म्हणजे पोर्ला करणारं हसू. इथे मराठीचं भाग्य असं की हीच उपमा आपल्याकडे आधीपासून आहे: आपण खळखळून हसतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पाण्याचाच आवाज हसण्याला दिला. पण वजन तंतोतंत सारखं नाही. खळखळून हसणं मोकळं, जोरदार, कुणीही हसावं असं. पोर्लांदे हसू उंच सुराचं, हलकं, स्वच्छ, आणि लेखनात ते बहुतेक वेळा बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याला येतं. भारदस्त आजोबा पोर्लांदे हसत नाहीत. त्यामुळे मुलगी असेल तर 'ती खळखळून हसली' निर्धास्त लिहा, नाम हवं असेल तर 'तिचं खळाळतं हसू'. 'खुदुखुदु' लिहू नका. ते दाबलेलं हसू आहे आणि त्याला स्वीडिशमध्ये 'फ्निसा' आहे. आजोबांसाठीही पाण्यातलाच शब्द आहे: 'क्लुकांदे स्क्रात', पोटातून येणारं, घशात घुटमळणारं. त्याला मराठीत 'पोट हलवत हसले' असं काहीतरी वर्णनानेच आणावं लागतं.

यावरून 'क्लुका' बद्दल. पोर्लाचा हा भाऊ वारंवार शेजारी येतो आणि अनुवादात दोघांचा गोंधळ होतो. क्लुकामध्ये हवेचा खिसा मोठा, आवाज खालचा आणि तुटक. लाटा होडीच्या कडेला किंवा लाकडी धक्क्याला लागून जो चुबुकचुबुक आवाज करतात तो क्लुका. बाटली उलटी केल्यावर होणारा बुडुकबुडुक तोही क्लुका. बर्फाखालून वाहणारं पाणी क्लुका करतं, आणि स्वीडिश हिवाळ्याच्या वर्णनात हे हमखास येतं: वर पांढरं, गोठलेलं, आणि खालून आवाज. अंड्यांवर बसलेली कोंबडीही क्लुकाच करते. एकच खूण लक्षात ठेवा: आवाज मोजता आला तर क्लुका, मोजता येत नसेल पण वेगवेगळा ऐकू येत असेल तर पोर्ला, सलग झाला तर ब्रूसा.

'स्क्वाल्पा' म्हणजे हिंदकळणं, डुचमळणं. बादलीतलं पाणी, होडीच्या तळातलं पाणी. मराठी शब्द इतका नेमका आहे की विचारच करावा लागत नाही. 'स्क्वाला' म्हणजे नळासारखं बदाबदा वाहणं. त्यावरून दिवसभर मागे चालू ठेवलेल्या उथळ संगीताला 'स्क्वालमुसीक' असं तुच्छतेने म्हणतात. ब्रूसासाठी नदी असेल तर घोंघावणं, समुद्र असेल तर गाज. 'हावेत ब्रूसर' ला 'समुद्राची गाज' मिळाली की वाक्य मूळचं मराठी वाटतं. मात्र तांत्रिक मजकुरात 'ब्रूस' म्हणजे ध्वनिमुद्रणातली खरखर, तिथे गाज आणू नका. 'सूसा' वाऱ्याचा, झाडांचा, त्याला सळसळ.

'सोर्ला' चं नातं थोडं गुंतागुंतीचं. पोर्लाशी यमक जुळतं, घडणही तशीच, आणि जुन्या कवितेत ओढेही सोर्ला करतात. आज मात्र तो जवळजवळ पूर्णपणे माणसांच्या गर्दीचा शब्द आहे. 'सोर्लेत तिस्त्नादे' म्हणजे सभागृहातली कुजबुज थांबली. ओढ्याला लावलेला सोर्ला दिसला तर मजकूर जुना किंवा मुद्दाम जुन्या वळणाचा आहे असं समजावं, आणि मराठीतही 'मंजुळ नाद', 'गुणगुणत' अशी किंचित जुनी भाषा वापरायला हरकत नाही.

शेजारच्या भाषांतून मदत घेताना जपून. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये ओढ्याला 'रिस्ले' हे क्रियापद जास्त रुळलेलं आहे, फिनिशमध्ये 'सोलिस्ता'. फिनलंडमधल्या स्वीडिश भाषिकांच्या पुस्तकात पोर्ला भेटेल, पण त्यांचा उच्चार वेगळा.

उच्चाराबद्दल आता सांगतो, कारण इथे मराठी माणसाला न मागता मिळालेली एक देणगी आहे. स्टॉकहोम आणि मध्य स्वीडनच्या बोलीत 'र' च्या पुढे द, त, न, स, ल आले की दोन्ही मिळून एक मूर्धन्य वर्ण होतो. मूल या अर्थाचा शब्द लिहितात 'बार्न', ऐकू येतो जवळजवळ 'बाण'. तसाच 'र्ल' चा होतो ळ. इंग्रज, जर्मन विद्यार्थी या ळसाठी तास घालवतात. आपण फक्त पोळी म्हणताना जीभ जिथे नेतो तिथे न्यायची. म्हणजे पोर्ला ऐकू येतो 'पोऽळा'. हो, बैलांचा सण आठवेल, पण 'पो' लांब आणि ओठ जास्त गोल. स्वीडिश 'ओ' अक्षर पुष्कळ शब्दांत 'ऊ' असं वाचलं जातं, म्हणून 'पूर्ला' म्हणण्याची चूक होते. इथे उच्चार ओ चाच. दक्षिणेत स्कोने प्रांतात र घशातून येतो, त्यामुळे तिथे ळ होत नाही, र आणि ल सुटे ऐकू येतात. फिनलंडच्या स्वीडिशमध्येही सुटेच.

शिवाय सूर. दोन अक्षरांच्या अशा क्रियापदांवर स्वीडिशचा दुसरा स्वराघात असतो: पहिल्या अक्षरावर सूर खाली येतो आणि दुसऱ्यावर पुन्हा चढतो, दोन टेकड्यांसारखा. दोन्ही अक्षरं एकाच पातळीवर म्हटली तरी अर्थ कळतो, पण परकेपणा लगेच जाणवतो.

याच ळमुळे एक गल्लत होते. 'पेर्ला' म्हणजे मोती, आणि क्रियापद म्हणून मोत्यांसारखे थेंब जमणं: कपाळावर घाम पेर्ला करतो, फेसाळ वाइन पेर्ला करते. हसूसुद्धा कधी 'पेर्लांदे' असतं. कानाला पेर्ला आणि पोर्ला यांत फक्त एका स्वराचा फरक. एक दिसतं, एक ऐकू येतं. वाइनचा ग्लास मराठीत खळखळू लागला तर समजावं की अनुवादकाने इथे गफलत केली.

ऋतूची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण तिथे शब्द बरोबर असूनही चित्र चुकतं. मराठी वाचकाच्या मनात ओढा खळखळतो तो पावसाळ्यात: आषाढात गढूळ, श्रावणानंतर नितळ. स्वीडनमध्ये ओढ्याचा मानाचा काळ म्हणजे बर्फ वितळण्याचा. हिवाळ्याच्या शेवटी आधी छपरावरून थेंब टपकू लागतात, त्याला 'ताकद्रोप' असा स्वतंत्र शब्द आहे. मग वितळलेलं पाणी, 'स्मेल्तवात्तेन', ओहोळांतून धावू लागतं. कित्येक महिने गप्प असलेला ओढा पुन्हा बोलतो. त्यामुळे स्वीडिश वाक्यात 'बेकेन पोर्लर' आलं की त्यात थंडी संपल्याची बातमी असते, पाऊस पडल्याची नव्हे. अनुवादात हिरवंगार, चिंब, ओलं असे शब्द सवयीने घुसतात. त्यांना हाकलून द्यावं. काठावर अजून बर्फाची कड आहे, गवत पिवळं आहे, झाडांना पानं नाहीत. मूळ लेखकाने ऋतू सांगितला नसेल तर 'बर्फाचं पाणी' असा एखादा शब्द घालून मराठी वाचकाला मदत करणं मला गैर वाटत नाही.

राहिला रेडिएटर. स्टॉकहोम, यतेबोरीला (इंग्रजीत गोथेनबर्ग) कामासाठी गेलेल्या मराठी माणसाला पोर्ला पहिल्यांदा भेटतो तो बहुधा ओढ्याकाठी नव्हे, ऑक्टोबरात घर तापवणं सुरू झालं की भिंतीपाशी. रेडिएटरला तिथे 'एलेमेंत' म्हणतात. 'देत पोर्लर ई एलेमेंतेत' हे घरमालकाकडच्या तक्रारींतलं नेहमीचं वाक्य. कारण तेच: बंद नळ्यांतल्या पाण्यात हवा शिरली आहे. मराठीत इथे खळखळ किंवा झुळझुळ लिहिलं तर विनोद होईल. आपल्याकडे पाण्यातून हवा जाण्याच्या आवाजाला गुडगुड म्हणतात. हुक्क्याला गुडगुडी नाव त्यावरूनच. म्हणून: 'रेडिएटरमधून गुडगुड आवाज येतोय.' निसर्गातल्या पोर्लाचं सुख इथे उरत नाही आणि गुडगुड ते बरोबर काढून टाकतं.

गोष्टीतलं पात्र पुढे 'लुफ्ता' करत असेल, म्हणजे हवा काढत असेल, तर काय घडतंय ते माहीत हवं. हवा वर जमते, त्यामुळे रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागतो. स्वतंत्र घरात आधी थर्मोस्टॅट पूर्ण उघडतात, पाणी फिरवणारा पंप बंद करून हवा वर येऊ देतात. वरच्या कोपऱ्यात, साधारणपणे थर्मोस्टॅटच्या विरुद्ध टोकाला, एक छोटा चौकोनी स्क्रू असतो. खाली कप आणि फडकं धरून त्याची खास किल्ली अर्धा वळसा डावीकडे फिरवतात. आधी फुसफुस येते, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. धार लागली की बंद. पाणी काळपट असतं, गालिचावर पडलं तर डाग जात नाही. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून सर्वांत वरचा रेडिएटर शेवटी घेतात. नंतर दाबमापक पाहावाच लागतो. साध्या घरात तो बहुधा १ ते १.५ बारच्या दरम्यान असतो, आणि हवा गेली की दाब उतरतो. पाणी भरून तो वर आणला नाही तर वरच्या मजल्यावर गुडगुड परत येते, आणि किल्लीचा काही उपयोग नव्हता असं वाटतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये पात्राला हे करू न देता 'फेलआनमेलन', म्हणजे दुरुस्तीची तक्रार, करायला लावणं जास्त खरं वाटेल, कारण संपूर्ण इमारतीचा दाब एकच असतो.

त्या तक्रारीत क्रियापद चुकलं तर माणूस वेगळं हत्यार घेऊन येतो. पोर्लर किंवा क्लुकर म्हटलं तर हवा. सूसर म्हटलं, म्हणजे सलग सूऽऽ आवाज, तर थर्मोस्टॅटच्या झडपेवर दाबाचा फरक जास्त आहे. ठोके पडत असतील तर 'क्नाकर', आणि मग तापून प्रसरण पावणारी नळी किंवा उलट्या दिशेने पाणी जाणारी झडप. मराठीत अनुक्रमे गुडगुड, सूंसूं आणि ठकठक. तुमच्या गोष्टीत घरमालक नुसती हवा काढून न जाता झडप बदलून जात असेल, तर मागे जाऊन पाहा: भाडेकरूने फोनवर पोर्लर म्हटलंय की सूसर.